जेवणाच्या टेबलावर ब्रह्मदेश

‘चौघं आहोत. दोघं परदेशी. तिखट बेताचं ठेवा. आणि वहिनी, एक विनंती. त्यांच्यासमोर ब्रह्मदेशच्या राजकारणाचा विषय काढू नका, रात्रीपर्यंत संपायचा नाही.’ पुण्याच्या काकांनी फोनवर एवढं बजावलं होतं. मी विषय काढला नाही. तो त्यांनीच काढला, सकाळी थिबा पॅलेसच्या आवारात पाय ठेवल्या ठेवल्या, आणि रत्नागिरीजवळ भाट्याला आमच्या घरी जेवणाची ताटं उचलली तरी चालूच होता.

फेब्रुवारी २०२४ संपत आला होता. भाट्याला आमचा छोटा होमस्टे आहे. यजमान गाडी चालवतात, मी पाहुण्यांना गाव दाखवते, स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात. काका परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले, नव्वदच्या दशकात रंगूनच्या आपल्या वकिलातीत होते. त्यांच्याबरोबरच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाई म्हणजे युरोपातल्या एका देशाच्या तिथल्या माजी राजदूत. मी त्यांना मनात राजदूतबाई म्हणायला लागले. तिसरा पन्नाशीचा गृहस्थ तिथे परदेशी मोबाईल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. लष्करानं सत्ता घेतल्यावर तो बाहेर पडला आणि तेव्हापासून बँकॉकला राहतो. चौथी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, ब्रह्मदेशातल्या सगाईंगची. पुण्यात शिकते, काकांच्या वरच्या खोलीत पेइंग गेस्ट. तिला सगळे ‘बेटा’ म्हणत होते आणि तिच्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं.

ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची, थिबाची, गोष्ट सांगायची माझी एक पद्धत आहे. शाळेची सहल असली तर टिळकांपासून सुरुवात करायची. रत्नागिरीत जन्मलेला माणूस १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, आणि त्याच काळात मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत. मुलं लगेच गप्प होतात. मोठी माणसं असली तर मी सागवानापासून सुरू करते. पॅलेसच्या लाकूडकामाकडे बोट दाखवते आणि सांगते, राज्य गेलं ते या लाकडावरून.

त्या दिवशीही तसंच केलं. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. तिला राजाच्या निंग्यानच्या जंगलात साग तोडायचा ठेका होता. दरबाराचं म्हणणं पडलं की कंपनी ओंडके जास्त नेते आणि मोजणीत कमी दाखवते. १८८५ मध्ये तेवीस लाख रुपये दंड ठोठावला. इकडे रंगूनमधले इंग्रज व्यापारी वर्षभर आधीच सभा घेऊन सांगत होते की राजा जुलमी आहे, त्याचं राज्य खालसा करा. मंडालेत फ्रेंच वकील बँकेच्या आणि रेल्वेच्या वाटाघाटी करत होता. इटलीचा वकील आंद्रेइनो हा माणूस एकीकडे वकील आणि दुसरीकडे याच बॉम्बे बर्माचा एजंट. फ्रेंचांचे कागद त्यानंच इंग्रजांपर्यंत पोचवले. नोव्हेंबरात फौज निघाली, पंधरवड्यात मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला राज्य खालसा. सव्वीस वर्षांचा राजा गरोदर राणीसह आधी मद्रासला आणि मग आमच्या गावाला. तीस वर्षं इथेच काढून १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. हा पॅलेस तर त्याला १९१० साली मिळाला, त्याआधी सगळी सरकारी भाड्याची घरं.

मुंबईचे पाहुणे असले की ‘अरे, आपल्या मुंबईची कंपनी!’ म्हणतात आणि फोटो काढायला लागतात. इथे मोबाईलवाल्यानं टाळी वाजवली. ‘बघा,’ तो राजदूतबाईंना म्हणाला, ‘तेव्हाही हेच. व्यापारी आणि वकील बसून ठरवतात की या देशाचं काय करायचं.’

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही एक गोष्ट सोडली. ते मला उद्देशून होतं. १८७९ मध्ये राजाच्या नातलगांच्या कत्तलीनंतर त्याच वर्षी इंग्रजांनी मंडालेतला आपला प्रतिनिधी काढून घेतला. त्यानंतरची सहा वर्षं लंडनला मंडालेबद्दल जे कळलं ते रंगूनच्या क्लबातून कळलं. राजा दारुडा आहे, राणी चेटकीण आहे, प्रजा इंग्रजांची वाट बघतेय. दूतावास बंद केला की धोरण अफवांवर ठरतं. ‘म्हणून मी सांगते, तिथून निघू नका.’

मला हे आवडलं. इतकी वर्षं सांगतेय, पण कत्तल आणि लढाई यांच्यामधल्या त्या सहा वर्षांत काय झालं हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मोबाईलवाल्याला अजिबात आवडलं नाही. तिथे राहायचं म्हणजे कोणासमोर उभं राहायचं, असा त्याचा सवाल. नवा राजदूत गेला की त्याला आपली अधिकारपत्रं सत्ता बळकावलेल्या सेनापतीच्या हातात द्यावी लागतात. तो फोटो दुसऱ्या दिवशी सरकारी पेपरात पहिल्या पानावर छापून येतो. म्हणून तर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वगैरेंनी राजदूत पाठवणं थांबवून खालच्या दर्जाचा अधिकारी ठेवला. बाई म्हणाल्या, तो फोटो मीसुद्धा दिला होता, आधीचा लष्करशहा थान श्वे याच्या काळात, आणि त्याच्या बदल्यात मला चार वर्षं कैद्यांच्या बायकांना भेटता आलं.

तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी सगळ्यांना वरच्या मजल्यावर नेलं.

गाडीत बसताना आमच्या यजमानांनी हळूच विचारलं, ‘भांडतायत काय गो?’ म्हटलं, हो, पण आपल्या बिलावरून नाही.

थिबा पॉइंटला खाडी आणि राजिवड्याच्या बाजूचा देखावा बघून झाला. तिथे सगळे शहाण्यासारखे वागले, कारण ऊन होतं. मग समाधीकडे गेलो. शिवाजीनगर भागात, वस्तीत मधोमध, राजाची आणि त्याच्या धाकट्या राणीची अशा दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. थोरली राणी सुपयालत १९१९ मध्ये परत गेली, तिला रंगूनपर्यंतच जाऊ दिलं, मंडाले तिनं परत पाहिलं नाही. मुलगी पहिल्यांदाच पुढे झाली. चपला काढल्या, गुडघ्यांवर बसली, हात जोडून कपाळ जमिनीला टेकवलं, तीनदा. ओढणी सरकली ती सावरली आणि उठून बाजूला उभी राहिली. फार वेळ घेतला नाही.

मोबाईलवाल्यानं मला विचारलं, तो सेनापती इथे आला होता ना? तुम्ही होतात?

होते, पण दोरीच्या बाहेर. १६ डिसेंबर २०१६, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा मोठा कार्यक्रम झाला. चार वर्षं आधी, २०१२ च्या डिसेंबरात, राष्ट्राध्यक्ष थेन सेन येऊन गेले होते, ते आम्हाला नवलाचं होतं. २०१६ ला उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आले, सेनापती मिन आँग ह्लाइंग आले, राजाचे वंशज आले, भिक्खू आले. गावात पोलीसच पोलीस. आम्हाला एवढंच कळलं होतं की ब्रह्मदेशचे मोठे लोक आलेत. तेव्हा तिकडे आँग सान सू ची यांचं सरकार होतं, सगळं सुरळीत चाललंय असं पेपर वाचून वाटायचं. १ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी टीव्हीवर याच दोघांचे चेहरे दिसले. म्यिंट स्वे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी त्यांनी सगळी सत्ता सेनापतीच्या हाती दिली. सासूबाई म्हणाल्या, ‘हे आपल्याकडं येऊन गेले ते न्हवं?’ तेच.

काकांना आता राहवेना. म्हणाले, जनरल मंडळींना राजे फार आवडतात, कारण राजे मत मागत नाहीत. २००५ मध्ये यांनी राजधानी रंगूनहून हलवली आणि नव्या राजधानीत, नेपिडॉला, तीन जुन्या विजयी राजांचे प्रचंड पुतळे उभे केले. थिबाचा नाही. हरलेल्या राजाचा पुतळा कोण उभारतो? पण त्याची समाधी परक्या मुलखात आहे, तिथे जाऊन फुलं वाहिली की आपण वारस ठरतो. ‘आणि वहिनी, तुमचं ते सागाचं निंग्यान म्हणजे आजचं पिनमना. नेपिडॉ त्याच्याच कुशीत वसवलंय.’

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं. गाईडला अशा गोष्टी सोन्यासारख्या असतात.

जेवायला बसेपर्यंत दीड वाजला. तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई, बांगड्याचं तिरफळं घातलेलं सार, अळूचं फतफतं, सोलकढी. आमच्या घरचा नियम असा की गाईडनं पाहुण्यांच्या गप्पांत तोंड घालायचं नाही, वाढायचं आणि ऐकायचं. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण कोणाचं कोणाशी पटत नाही ते त्यांना बरोबर कळतं.

मुद्दा निर्बंधांवर आला होता. मोबाईलवाल्याचं म्हणणं, सगळं बंद करा. बँका, तेल, लाकूड, रत्नं, विमा, सगळं. राजदूतबाई म्हणाल्या, हे करून झालंय. अमेरिकेनं १९९७ मध्ये नवी गुंतवणूक बंद केली, २००३ मध्ये तिथल्या मालाची आयात बंद केली. जनरलांचं काय गेलं? रंगूनच्या बाहेरच्या वसाहतींत शर्ट शिवणाऱ्या हजारो पोरींचा रोजगार गेला. जनरलांनी आपला गॅस थायलंडला विकला. मोबाईलवाला म्हणाला, मग चुकीच्या गोष्टीवर निर्बंध घातले म्हणा. बाई म्हणाल्या, नेहमी चुकीच्याच गोष्टीवर पडतात, कारण बरोबर गोष्टीत आपल्याच कंपन्या असतात.

काका मासा सोलत शांतपणे म्हणाले, तुम्हा दोघांना ही चर्चा परवडते. आमची त्यांच्याशी सोळाशे किलोमीटरहून लांब सरहद्द आहे. नागा, मणिपुरी अतिरेकी तिकडच्या जंगलात तळ ठोकतात. आम्ही हात झटकले की चीन आत. क्याउकफ्यूहून त्यांनी तेलाची आणि गॅसची पाइपलाइन थेट युन्नानला नेलीच आहे. शेजारी बदलता येत नाही.

यावर मोबाईलवाल्यानं जे काढलं ते ऐकून मीच वाढताना थांबले. २७ मार्च २०२१ ला, तिथल्या सैन्यदलाच्या दिवशी, रस्त्यावर शंभराहून जास्त माणसं मारली गेली. त्याच दिवशीच्या संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. त्यात रशिया, चीन, पाकिस्तान होते. ‘आणि तुम्ही.’ पुढे म्हणाला, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीच्या मे २०२३ च्या अहवालात सत्तापालटानंतर तिथल्या लष्कराकडे गेलेल्या शस्त्रसामग्रीचा हिशेब आहे. सगळ्यात वर रशिया, मग चीन. भारतातल्या कंपन्यांच्या नावावर ५.१ कोटी डॉलर.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी १९८८ पाहिलंय, तिथले विद्यार्थी लष्कराविरुद्ध रस्त्यावर उतरले ते. तेव्हा आपण उघड विद्यार्थ्यांच्या बाजूनं होतो. आकाशवाणीच्या बर्मी सेवेवर जनरल लोक जळत होते. पळून आलेल्या पोरांना आपण आसरा दिला. नव्वदच्या दशकात दिल्लीनं दिशा बदलली, तरी जॉर्ज फर्नांडिसनं स्वतःच्या बंगल्यात त्यांना जागा दिली, संरक्षणमंत्री असतानासुद्धा. कृष्ण मेनन मार्गावर मंत्र्याच्या आवारात बर्मी पोरांचं ऑफिस चालायचं आणि त्याच मंत्र्याच्या खात्याचे अधिकारी बर्मी जनरलांना भेटायला जायचे.

सासूबाईंनी मान वर केली. ‘जॉर्ज म्हंजे रेल्वेवाले?’

म्हटलं, हो, तेच. कोकण रेल्वे मार्गी लागली तेव्हा रेल्वेमंत्री होते ते.

‘चांगला मानूस,’ सासूबाईंनी निकाल दिला. काकांनी तो इंग्रजीत करून सांगितला आणि पहिल्यांदाच सगळे हसले.

हसण्याच्या भरात राजदूतबाईंनी एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली. २००९ च्या मे महिन्यात हा गृहस्थ कोणाच्याही सांगण्यावरून नाही, आपल्याच मनानं, इन्या तलाव पोहून सू चींच्या घरी पोचला. त्याला म्हणे देवानं दृष्टांत दिला होता की त्यांच्या जिवाला धोका आहे. दमला होता, पाय दुखत होते, म्हणून त्यांनी राहू दिलं. परत जाताना पकडला गेला. सू चींची नजरकैद त्याच महिन्यात संपणार होती. परक्या माणसाला घरात ठेवलं म्हणून खटला झाला आणि आणखी अठरा महिने मिळाले. पुढच्या वर्षीची निवडणूक त्या घरात बसूनच गेली. त्याआधी, खटला संपल्यावर, अमेरिकेचा एक सिनेटर जाऊन जनरलांना भेटला आणि पोहणाऱ्याला विमानात घालून घरी घेऊन गेला. ‘मदत करायला आलेल्या परदेशी माणसांपासून त्या बाईला वाचवायला कोणीतरी हवं होतं,’ राजदूतबाई म्हणाल्या.

मुलगी हसली नाही. ती सोड्यांची चटणी खात होती. पाहुण्यांना वास सहन होत नाही म्हणून मी ती टेबलावर ठेवत नाही, पण स्वयंपाकघरात डोकावून तिनं स्वतःच बोट दाखवून मागितली होती. सुकं खारं, लसूण, लाल तिखट, थोडी चिंच. त्यांच्याकडे सुक्या कोळंबीचा असाच प्रकार करतात, तेलात परतून बरणीत भरून ठेवतात. आई होस्टेलला बरणी पाठवायची, असं ती मला हिंदी-मराठीत सांगत होती. भाताबरोबर पाव वाटी चटणी संपवली तिनं. सासूबाईंचा तिच्यावर जीव जडला तो तिथेच.

मोबाईलवाल्याला आपलीही एक चांगली आठवण सांगायची होती. २०१४ च्या आधी तिथे साधं सिमकार्ड शेकडो डॉलरना मिळायचं, एके काळी हजाराच्या वर. जनरलांच्या ओळखीतल्या लोकांनाच ते मिळे. याच्या आणि दुसऱ्या एका परदेशी कंपनीनं ते दीड डॉलरला आणलं. खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या हातात फोन आला. ‘ते आम्ही केलं. ते तरी कोणी नाकारणार नाही,’ असं तो मुलीकडे बघत म्हणाला. खरं तर त्या मुलीनं दुजोरा द्यावा एवढंच त्याला हवं होतं.

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. इंग्रजी तिचं साफ आहे. म्हणाली, ‘माझ्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात ते सिम घेतलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोज रात्री एक ते सकाळी नऊ इंटरनेट बंद असायचं, तेव्हाही ते खिशात होतं. मग तुमची कंपनी धंदा विकून गेली. विकताना माझ्या बाबांचा नंबर, ते कोणाशी बोलतात, कुठून बोलतात, हे सगळं कोणाच्या हातात गेलं?’

तो म्हणाला, त्या निर्णयात मी नव्हतो.

‘हो. पण तुम्ही आज सकाळपासून सगळ्याच निर्णयांबद्दल बोलताय.’

आवाज चढला नव्हता. मग ती एकदम थांबलीच नाही. राजदूतबाईंना म्हणाली, शिलाई कामगारांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, माझी मावशी त्यातलीच. पण विमानाच्या इंधनाचं काय? ते मावशी वापरत नाही. ते फक्त बंद करा. एप्रिल २०२३ मध्ये आमच्या सगाईंगमधल्या पाझीजी गावात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले होते, विमानानं बॉम्ब टाकले, दीडशेच्या वर माणसं गेली. तुम्ही लोक सगळं बंद किंवा सगळं चालू यावर भांडता. मी एक गोष्ट सांगितली, त्यावर कोणी भांडत नाही.

बाईंनी मान हलवली, म्हणाल्या, जहाजांचा विमा युरोपात उतरवला जातो, तिथे हात घालता येतो. त्यांनी पर्समधून छोटी वही काढून काही लिहिलं. खरं सांगायचं तर दिवसभरात त्या लिहिताना मला पहिल्यांदा दिसल्या.

काकांची पाळी आली तेव्हा मला वाटलं आता शस्त्रास्त्रांचं निघेल. तिनं ते काढलंच नाही. ‘अंकल, माझ्या पासपोर्टचं काय झालं?’ एवढंच.

ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि बाकी दोघांनाही नव्हती, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. तिचा पासपोर्ट काही महिन्यांत संपत होता. नवा हवा तर दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीत जायचं, म्हणजे ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याच दारात उभं राहून घरचा पत्ता लिहून द्यायचा. तिचा मोठा भाऊ घर सोडून गेलेला. कुठे ते तिनं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. आणि त्याच महिन्यात, १० फेब्रुवारीला, तिथल्या लष्करानं सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला होता. पुरुष अठरा ते पस्तीस, बायका अठरा ते सत्तावीस, दोन वर्षं. बायकांना इतक्यात बोलावणार नाही असं नंतर जाहीर झालं, पण त्यावर विसंबून कोण विमानात बसेल? पासपोर्ट नाही तर इथला व्हिसा वाढत नाही. व्हिसा नाही तर कॉलेज नाही.

राजदूतबाई म्हणाल्या, दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांचं कार्यालय आहे. काका म्हणाले, आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्या कार्डावर हिला शिक्षण पुरं करता येईलच असं नाही, उलट विद्यार्थी म्हणून आहे तो दर्जा जायचा. मोबाईलवाल्यानं थायलंडचं सुचवलं. थायलंडला जायलाही पासपोर्ट लागतो, हे त्याचं त्यालाच बोलताना लक्षात आलं.

तीन माणसं, मिळून तिथे पंचवीसएक वर्षं राहिलेली, सगळे करार आणि सगळे ठराव तोंडपाठ, आणि टेबलावर एका पुस्तिकेचा प्रश्न आल्यावर सगळे सोलकढी पीत होते. मला हसू येत नव्हतं आणि रागही नव्हता. खरं तर त्यांची अडचण मला कळत होती. देशाबद्दल मत द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, या कामाला दहा जणांची लागते.

मग काका उठले. हात धुतले, पडवीत गेले आणि फोन लावला. मी पान-सुपारी ठेवायला गेले तेव्हा कानावर पडलं ते सगळं चक्क मराठीत होतं. ‘अरे, तू होम खात्यात होतास ना शेवटी? नाही नाही, सवलत नकोय. नियमात काय बसतं तेवढं सांग.’ मग दुसरा फोन. मग पुण्यातल्या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ऑफिसात ओळखीचं कोणी आहे का, म्हणून तिसरा. तासभर माणूस पडवीत येरझारा घालत होता. सकाळपासून मला सगळ्यात कमी पटलेली मतं त्यांचीच होती. ‘शेजारी बदलता येत नाही’ हे तर मी आमच्या पोटगल्लीच्या भांडणातसुद्धा ऐकून घेत नाही. पण फोन त्यांनीच केले.

आत राजदूतबाई कॉलेजच्या प्राचार्यांना द्यायचं पत्र लिहीत होत्या. मोबाईलवाला मुलीला कंपनीच्या व्यवहाराबद्दल काहीतरी समजावून सांगू बघत होता. ती ऐकत होती, पण मान हलवत नव्हती. शेवटी त्यानं फोन काढून आपल्या एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर तिला दिला. म्हणाला, तो त्या विक्रीच्या वेळी आत होता, त्याला विचार. माझं नाव सांग. एवढं बोलताना तो घामाघूम झाला होता. मी पंखा वाढवला.

चार वाजता चहा झाला. गाडी आंबा घाटानं जायची म्हणून घाई सुरू झाली. काकांनी बिल दिलं, वर जास्तीचे पैसे ठेवले, मी परत केले, त्यांनी ते सासूबाईंच्या हातात दिले. सासूबाईंनी मुलीला सोड्यांच्या चटणीची बरणी दिली, झाकणाला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. ‘गाडीत उघडू नको, म्हाताऱ्याला वास येईल.’ मुलीला ते पूर्ण कळलं.

पुढे काय झालं ते सांगते, कारण लोक विचारतात. नियमात बसेल अशी एक वाट निघाली, व्हिसा वाढला. पासपोर्टचं काय ते मी लिहीत नाही. काकांनी ‘रत्नागिरी’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात मलाही घातलं. त्यावर राजदूतबाई लंब्याचौड्या बातम्या टाकतात, मोबाईलवाला त्यावर उखडतो, काका दोघांना सरहद्दीची लांबी सांगतात. विमानाच्या इंधनाबद्दल बाईंनी आपल्या देशातल्या दोन खासदारांना पत्रं लिहिली, ती ग्रुपवर टाकली होती. उत्तर एकाचंच आलं.

२८ मार्च २०२५ ला दुपारी तिकडे ७.७ चा भूकंप झाला. मंडाले, सगाईंग, दोन्ही उद्ध्वस्त. मी ग्रुपवर विचारलं, बेटा, घरचे कसे आहेत? उत्तर यायच्या आत तिथे वाद पेटला होता की मदत लष्कराच्या हातून पाठवायची की सरहद्दीवरून परस्पर. बाई म्हणत होत्या, माणसं ढिगाऱ्याखाली आहेत, ज्याच्याकडे क्रेन आहे त्याच्याकडे द्या. मोबाईलवाला म्हणत होता, ते क्रेन स्वतःच्या लोकांसाठी वापरतील आणि आजही बॉम्ब टाकतायत. ते खरंही होतं, भूकंपानंतरही हवाई हल्ले थांबले नव्हते. काका म्हणत होते, भारताचं विमान मदत घेऊन लगेच निघालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. आई-बाबा मैदानात झोपलेत. घराची मागची भिंत गेली. मावशीचा पत्ता नाही. ताडपत्री आणि पाण्याच्या गोळ्या हव्यात, पैसे कसे पाठवायचे ते एका माणसाकरवी कळवते.

तिघांनीही पैसे पाठवले. आम्हीही दिले, काकांच्या हाती. मावशी चार दिवसांनी सापडली, जिवंत.

सासूबाई रोज विचारायच्या, काय म्हणतायत ते तुझे पाहुणे? अजून भांडतायत?

म्हटलं, हो, कालपासून परत.

‘भांडू देत. त्या पोरीला खारं संपलं असंल, बुधवारच्या एसटीनं धाड.’

मी बुधवारी रहाटाघरला जाऊन पार्सल केलं.